कोपरा फाटलेल्या जाहिराती

बोलपट मुंबईत येऊन गेला होता म्हणे. आला असेल. आमच्या खानदेशात त्या काळी बोलपट म्हणजे मी. तंबूतला सिनेमा मुका असायचा आणि पडद्याच्या उजव्या अंगाला खोक्यावर उभं राहून त्यातल्या राजाचं, राणीचं, राक्षसाचं आणि घोड्याचं बोलणं मी एकटा बोलायचो. माझा आवाज असा की धुळ्याला पांझरेच्या काठी मी आरोळी ठोकली की तिकडे पारोळ्याच्या बाजारात बैल उधळायचे. खोटं वाटत असेल त्यानं बैलांना विचारावं.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे एक पौराणिक चित्रपट होता. एक पापी राजा, त्याची पुण्यवान लेक आणि शेवटी धरणीकंप. बाकीची रिळं लोक शेंगा सोलत पाहायचे. शेवटच्या रिळाला मात्र शेंग हातात तशीच राहायची. पडद्यावर महालाचे खांब कोसळायला लागले की मी एका हातानं मागे टांगलेला पत्रा हलवायचो, पायानं फळीवरून लोखंडी वजन घरंगळत सोडायचो आणि तोंडानं पृथ्वीचा आक्रोश करायचो. धुळ्याला पुढच्या रांगेतला एक हवालदार बाकाखाली शिरला, तो दुसऱ्या दिवशी झाडलोट करताना सापडला. तेव्हाही विचारत होता, "थांबला का?"

जाहिराती धुळ्यालाच छापून घेतल्या होत्या, बैलगाडीभर. खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकट होती आणि तिच्यातला मजकूर खास माझा: "शेवटी खराखुरा धरणीकंप! कच्च्या काळजाच्यांनी घरी बसावे."

मग आम्ही जळगावला आलो. कापसाचा हंगाम चालू होता, हवेत एवढा कापूस की श्वास घेतला तर उशी भरावी. जिनिंगच्या कारखान्यामागच्या मोकळ्या जागेवर तंबू ठोकला. जागा होती एका मारवाडी शेठजींची. कापसाचे आणि डाळीचे मोठे व्यापारी, पण माणूस मऊ. आमच्या मालकाशी बोलताना पगडी सावरत, हसत म्हणाले होते, "खेळ चांगला असला तर घरच्या बायकांनाही पाठवीन."

संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात होता आणि बिहारची बातमी आली. जमीन हलली, गावंच्या गावं बसली. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, पेपरवाले वाढवून लिहितात. मलाही वाटलं, वाढवून सांगणाऱ्यांना मी लांबून ओळखतो. दुसऱ्या दिवशी कोणाला तसं वाटेना. खादीची टोपी घातलेली पोरं चादरीचे कोपरे धरून बाजारातून फिरायला लागली आणि लोक तिच्यात पैसे, धान्य, अंगावरची घोंगडी टाकू लागले.

त्या बातम्यांत सगळ्यात वर नाव होतं मुंगेरचं. आणि शेठजींची एकुलती एक लेक मुंगेरला दिलेली होती.

शेठजींनी तारेमागून तार केली. उत्तर नाही. तारेचे खांबच पडलेत, असं स्टेशनवरचे तारबाबू म्हणाले. शेठजी पेढीवर बसायचे, पण कापसाचा भाव कोणी सांगितला की "हो हो" म्हणून रस्त्याकडे बघत राहायचे. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शेठजींसमोर कोणी बिहार म्हणेना, जमीन म्हणेना. एका शेतकऱ्यानं तर शेत विकायची गोष्ट काढताना "ते आपलं खालचं" असं म्हटल्याचं मी ऐकलं आहे.

पहिलं कापलं ते त्यांच्या मुनीमजींनी. शेठजी गादीवर बसायच्या आत पेपर यायचा, मुनीमजी तो उघडायचे आणि मुंगेरची बातमी कात्रीनं काढून घ्यायचे. ती बातमी नेमकी वरच्या कोपऱ्यात असायची. शेठजींनी विचारलं तर सांगायचे, "उंदीर फार झालेत."

आणि मग आमच्या मालकाला दया आली. इथे मला पहिला संशय आला. भूक खरी असते, राग खरा असतो; दया कोणाची आणि कशासाठी, हे आधी बघून घ्यावं. आमचा मालक म्हणजे सासऱ्याच्या तेराव्याला दुपारचा जादा खेळ लावणारा माणूस. तो त्या दुपारी तंबूत आला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उसासा टाकला. मी मशीनवर काम करणाऱ्या आबांकडे बघितलं, आबांनी माझ्याकडे. मालकाचा उसासा आम्ही दोघांनीही याआधी ऐकलेला नव्हता.

"धरणीकंप काढा," मालक म्हणाले.

"कुठून?" आबांनी विचारलं.

"सगळीकडून. चित्रातून, काचांतून, जाहिरातींतून. आणि याच्या तोंडातून."

"पहिल्या तिन्हींना कात्री, ओला फडका, काहीतरी लागतं मालक," आबा म्हणाले. "चौथ्याला काय लावू?"

मी म्हटलं, "मालक, ही दया शेठजींसाठी की शेठजींच्या जागेसाठी?"

"दोन्हीसाठी. तुला काय करायचंय? त्यांच्या लेकीचा पत्ता नाही आणि आपण त्यांच्याच जमिनीवर पत्रा वाजवायचा? उद्या त्यांनी खुंट्या उपटायला सांगितल्या तर तू काय पडदा डोक्यावर घेऊन नाचशील?"

हे मला पटलं. मालकाच्या बोलण्यात स्वार्थ दिसला की जीव भांड्यात पडायचा.

काचांचं काम माझ्याकडे आलं. खेळाआधी गावातल्या दुकानदारांच्या जाहिराती काचेवर रंगवून पडद्यावर दाखवायच्या, ही आमची पद्धत. त्यांत एका इमारत बांधणाऱ्या कंत्राटदाराची काच होती: चार घरं कललेली, मध्ये एक घर ताठ, वर लिहिलेलं, "आमची इमारत धरणीकंपालाही दाद देत नाही." पुसण्याआधी विचारावं म्हणून त्याला बोलावलं. तो आला, काच उजेडात धरली आणि म्हणाला, "पुसता कशाला? खरी वेळ तर आता आलीय. मध्यंतरातही दाखवा."

"लोक मेलेत हो तिकडे, भाऊ," मालक म्हणाले.

"म्हणून तर म्हणतो. आपल्याकडचे मरू नयेत."

बोलणं असं की माणूस देवळात नेऊन बसवावा. मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. डोळे नव्या बांधकामाची लांबी-रुंदी मोजत होते. त्याची पाठ फिरली तशी मी फडक्यानं अक्षरं पुसली. घरं मात्र पुसली नाहीत, रंग पक्का होता. त्यामुळे पुढे ती काच पडद्यावर आली की लोकांना वाटायचं, दारू सोडा असं कोणीतरी सांगतंय.

चित्र कापायला आबा बसले. महालातला दिवा हलतो तिथे त्यांनी कात्री लावली आणि थेट "समाप्त" या पाटीपर्यंतचा सगळा तुकडा बाजूला काढला. दोन टोकं जोडायचं जे औषध असतं त्याला पिकल्या केळ्याचा वास येतो. फैजपूरकडे, केळीच्या मुलखात, आमचा तंबू असला की त्या वासानं माश्या आणि व्यापारी दोन्ही यायचे.

"आबा, राजकन्याही गेली की त्यात," मी म्हटलं. "ती शेवटी ढिगाऱ्यातून बाहेर येते ना?"

"जाऊ दे. ढिगारा कुठून आला म्हणून विचारतील. मग तुझं तोंड सुटेल."

राहिल्या जाहिराती. परत छापायच्या तर धुळ्याला जावं लागणार, आणि खेळ तर परवावर आला. मालक जाहिरात हातात घेऊन बघत बसले. चौकट कोपऱ्यात होती.

"कोपरा फाडा," ते म्हणाले.

मग मालक, आबा, मी आणि टांग्यावरचे दोन ढोल-ताशेवाले असे गोल करून बसलो आणि फाडत सुटलो. फर्र, फर्र. मालकांनी मोठ्या मनानं शेवभाजी मागवली. फाडता फाडता मला मनात कुठेतरी टोचत होतं. मी आबांकडे पाहिलं, तेही एक जाहिरात हातात धरून विचारात पडले होते. मला वाटलं, शेव तिखट लागली असेल.

सकाळी टांगा निघाला. पुढे ढोल-ताशा, मागे मी. पहिली जाहिरात एका किराणा दुकानदाराला दिली. त्यानं ती घेतली, बघितली, हातातला तराजू खाली ठेवला आणि भिंतीचा आधार घेतला. मी म्हटलं, काय हा माझा मजकूर! तोवर गल्लीतल्या एका म्हाताऱ्या अक्कांनी दुसरी घेतली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद फिरवला, फाटक्या जागेवरून अंगठा फिरवला आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"कोन मरनं रे भो?"

"कोणी नाही, अक्का. सिनेमा आहे."

"मंग कोपरा कसाले फाडा?"

माझं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून आवाज निघाला नाही. जन्मल्यापासून असं पहिल्यांदाच झालं असावं.

नव्या जमान्यातल्या कोणाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. मरणाची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायचा, ही आमच्याकडची रीत. पोस्टमननं कार्ड दिलं की मजकुराआधी माणूस कोपरे बघतो. फाटका असला तर उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं आणि आंघोळ करून मगच घरात शिरायचं. आम्ही सगळे या रितीत वाढलेले. माझ्या स्वतःच्या घरी असं कार्ड आलं तेव्हा मी ऐन थंडीत आडावर उभा होतो. आणि तेच आम्ही पाच जण शेवभाजी खात बैलगाडीभर सुतक तयार करत बसलो होतो! एक शब्द काढायच्या नादात सगळ्यात वाईट खूण आम्ही आमच्याच हातानं केली होती.

टांगा थांबवेपर्यंत निम्मी गल्ली भरली होती. एकजण ओरडला, "सकाळच्या पारी दारात सुतक टाकतो, लाज नाही वाटत?" दुसरा म्हणाला, "तुन्हा मालकनं तेरावं घाल पहिले!" लोक जाहिराती परत टांग्यावर फेकू लागले. घोड्यानं एक चावली आणि तोही उदास झाला.

मी ढोलवाल्याला म्हटलं, "आता काय करायचं?"

तो म्हणाला, "माले कालच वाटनं व्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलणारे तुम्ही."

दुपारपर्यंत जळगावातली निम्मी माणसं आंघोळ करून मोकळी झाली होती. विहिरी उपसल्या. मेहरूणच्या तळ्याचं पाणी इतकं खाली गेलं की मासे काठावर येऊन बोटं मोडत होते. हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं. पण एक जाहिरात वाऱ्यानं म्हणा, कोणाच्या हातानं म्हणा, शेठजींच्या पेढीवर गेली.

शेठजी तंबूत आले तेव्हा उन्हाचे कवडसे कापडातून आत पडले होते. डोक्यावर पगडी नव्हती. मागे मुनीमजी, चेहरा चुन्यासारखा. शेठजींच्या हातात आमची जाहिरात होती, फाटक्या बाजूनं धरलेली.

"बोलणारे," ते म्हणाले. गावात सगळे मला असंच म्हणत.

"जी, शेठजी."

"गावाला कधी कळलं?"

"काय?"

"माझी बाई गेली ते." लेकीला ते बाई म्हणत.

मालक पुढे झाले. "शेठजी, कोणी गेलं नाही. म्हणजे आम्हाला तसं काही ठाऊकच नाही."

"ठाऊक नाही, मग कोपरा का फाडला?"

"तिथे धरणीकंप लिहिला होता. तुम्हाला दिसू नये म्हणून."

शेठजी खाली बसले, बाकावर नाही, जमिनीवर. "मुनीमजी रोज माझ्या पेपरचा कोपरा कापतात. म्हणतात उंदीर. रोज तोच उंदीर, तोच कोपरा, आणि कडा कशी सरळ! मी गप्प बसलो. म्हटलं, घरचा माणूस आहे, धीर झाला की सांगेल. आज तुम्ही ढोल वाजवून सांगितलंत."

मुनीमजी रडायला लागले. त्यामुळे तर शेठजींची खात्रीच पटली.

मी बोलायला लागलो. आयुष्यात एवढं खरं मी कधी बोललो नसेन. चित्र कसं कापलं, काच कशी पुसली, शेवभाजी कोणी मागवली, सगळं. शेठजी ऐकत राहिले आणि म्हणाले, "तू खोक्यावर उभा राहून घोड्याचं बोलणं सांगतोस. तुझं मी काय खरं धरू?"

घोड्याचं मी फार बरं बोलायचो.

एवढ्यात तंबूच्या दाराशी सायकल आदळली. तारेचा शिपाई शेठजींना शोधत पेढीवरून इकडे आला होता. तार इंग्रजीत, आमच्यात तेवढं इंग्रजी मालकांना यायचं. त्यांनी ती उघडली, ओठ हलवले आणि ओरडले, "सगळे सुखरूप! शेठजी, सगळे सुखरूप!"

मुनीमजींनी हात जोडले. आबांनी टोपी उडवली. शेठजी मात्र जागचे हलले नाहीत.

"कुठून आलीय?"

"पाटण्याहून."

"बाई मुंगेरला आहे. पाटण्याला आमचं कोण आहे?"

"तिकडच्या तारा तुटल्यात, शेठजी. जावईबापू पाटण्यापर्यंत आले असतील..."

"सगळे म्हणजे कोण?" शेठजींनी तार हातात घेतली. वाचता येत नव्हती तरी बोट फिरवत राहिले. "बाईचं नाव आहे का यात?"

"नाही."

"का नाही?" त्यांनी मुनीमजींकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्यावर नजर थांबली. "ही तुम्ही केलीत."

"शेठजी, तारघराचा शिक्का आहे यावर!"

"तुमच्या जाहिरातीवर छापखान्याचं नाव आहे. तिचा कोपरा कुठे गेला?"

असा तो पेच. आम्ही चांगल्या मनानं, मालकांनी त्यांच्या मनानं, एवढं कापलं होतं की आता पुरी वस्तू समोर आली तरी त्या माणसाला तिच्यात काहीतरी कमी दिसत होतं. आणि खरं सांगू? त्यांनी "सगळे म्हणजे कोण?" विचारलं तेव्हा मलाही त्या तारेचा वास आला. हा प्रश्न मी धरून ठेवला.

"जे जे कापलंत ते सगळं माझ्यासमोर ठेवा," शेठजी म्हणाले.

मुनीमजींनी कोटाच्या आतल्या खिशातून बातम्यांचे तुकडे काढले. एकही फेकला नव्हता. शेठजींनी ते जमिनीवर मांडून एकेक वाचले. मुंगेरचा बाजार बसला, लोक मोकळ्या मैदानात राहतात, विहिरींत वाळू आली. नाव कोणाचंच नव्हतं. मग ते आबांना म्हणाले, "आता तुमचं."

आबांनी तंबूची दारं पाडली, भोकांवर सतरंज्या टाकल्या, इंजिन चालू केलं आणि कापलेला तुकडा एकटाच मशीनवर चढवला. शेठजी पुढच्या बाकावर बसले.

"बोल," ते मला म्हणाले.

"शेठजी, राहू द्या."

"धुळ्याला बोलला होतास तसं बोल. आता काही ठेवायचं नाही."

मी खोक्यावर चढलो. दिवा हलला. राजा सिंहासनावरून उठला, खांब झुकले. मी पत्र्याला हात लावला नाही. पायाशी वजन होतं, ते तसंच राहू दिलं. पृथ्वीचा आक्रोश करायला तोंड उघडलं तर आतून नुसतं "पडतंय, शेठजी, पडतंय" एवढंच आलं. बांबूवर प्लास्टर थापलेले खांब होते ते. धुळ्याला मला डोंगर वाटायचे, त्या दिवशी प्लास्टर वाटत होतं आणि तरी बघवत नव्हतं. शेठजी बघत होते. खांब पडले, धूळ बसली, ढिगारा राहिला. मग त्या ढिगाऱ्यातून एक हात आला, मग राजकन्येचं डोकं, मग ती गुडघ्यांवर रांगत बाहेर आली.

शेठजी उठून उभे राहिले. त्यांची सावली पडद्यावर त्या मुलीशेजारी पडली.

"ही वाचते?"

"वाचते, शेठजी. चित्रपट आहे."

"मग हिला का कापलीत?"

मशीन फिरत राहिलं. तुकडा संपला, नुसता पांढरा उजेड राहिला. शेवटी आबा मागून म्हणाले, "ढिगारा कापायचा होता. ती ढिगाऱ्याबरोबर गेली."

शेठजी पडद्याकडून वळले. मग त्यांनी तार घडी करून खिशात टाकली. "आजच्या गाडीनं मी मुंगेरला निघतो. माझ्या डोळ्यांनी बघतो. मी येईपर्यंत ते पडणं दाखवू नका. हिचं निघणं मात्र रोज दाखवा." मुनीमजींना म्हणाले, "पोचलो की कार्ड टाकीन. पुढचं कार्डच सांगेल. कोपरे बघा."

ते गेले. आबांनी पुन्हा कात्री घेतली, पडणं वेगळं केलं, निघणं जोडलं. केळ्याचा वास सुटला.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. सुतकी तंबू म्हणून लोक फिरकेनात. रिकाम्या बाकांसमोर राजकन्या रोज ढिगाऱ्यातून निघायची आणि मी रोज सांगायचो, "आणि ती वाचली!" ऐकायला आबा आणि एक कुत्रा. गावात कुजबुज अशी की शेठजी अस्थी आणायला गेलेत. कंत्राटदार म्हणायचा, मुंगेरात चुना भेसळीचा होता. मला मुनीमजींचा संशय येऊ लागला: जो माणूस पेपर कापतो तो कार्ड का लिहिणार नाही? म्हणून मी त्यांच्यावर नजर ठेवून पेढीसमोर बसायचो. मुनीमजींना माझा संशय, कारण मी खोटं बोलून पोट भरणारा. मालक आम्हा दोघांवर नजर ठेवून, आणि पोस्टमन आम्हा तिघांवर. त्याला वाटायचं, हे कधीतरी पिशवी लुटणार.

एक दिवस सकाळी पोस्टमन पेढीच्या पायरीवर चढला आणि त्यानं कार्ड मुनीमजींच्या हातात न देता लांबूनच ओट्यावर ठेवलं. मुनीमजींनी वाचलं नाही. त्यांनी एक कोपरा चाचपला. दुसरा. तिसरा. चौथा चाचपला आणि ज्या माणसाला मी आयुष्यात भरभर चालताना पाहिलं नव्हतं तो पायरीवरून उडी मारून बाजारात धावत सुटला. दोन्ही हातांनी कार्ड डोक्यावर धरलेलं, धोतराचा सोगा मागे लोळतोय, पायांत काही नाही. ते एक अक्षर बोलले नाहीत. गरज नव्हती. लोक दुकानांतून बाहेर आले आणि माना वर करून बघू लागले. त्या अक्कांनी ओट्यावरून हाक घातली:

"चारी कोपरा शेतस! बठ्ठा शेतस!"

"चारी आहेत, सगळे आहेत!" हलवाई ओरडला, किराणावाल्यानं तराजू घंटेसारखा वाजवला. आमचा ढोलवाला कुठून तरी ढोल घेऊन आला. शेठाणींनी दारात येऊन मुनीमजींच्या पायांवर पाणी घातलं. मी तिथेच उभा होतो. डोळ्यांत कापूस गेला होता.

पण संशय हा माझा जुना सोबती. गर्दी पांगल्यावर मी मुनीमजींना म्हटलं, "दाखवा बघू."

"बघा की," म्हणून त्यांनी कार्ड दिलं. अक्षर शेठजींचंच. काना-मात्रा नसलेलं ते व्यापारी अक्षर. त्याची नक्कल करायला आधी वाचता यायला हवं, आणि ते मुनीमजींखेरीज कोणाला येत नव्हतं. "वाचा," मी म्हटलं.

ते पेढीच्या आत, कापसाच्या गाठींमागे गेले. मीही गेलो. त्यांनी आधी मनात वाचलं. मग पहिल्या ओळीवर परत आले आणि हळू आवाजात वाचू लागले.

"बाई सुखरूप आहे. हाताला लागलं आहे, बरं होईल. तिची थोरली जाऊ गेली. जावेचं तान्हं बाईच्या मांडीवर आहे, ते घेऊनच मी बसलो आहे. तार जावईबापूंनीच केली होती, घाबरू नये म्हणून तेवढंच लिहिलं. या कार्डाचा कोपरा फाडायला हवा होता. फाडला नाही. गाव कोपराच बघेल. जावेचं घरात मी आल्यावर सांगीन. तुम्ही आंघोळ करून घ्या."

मुनीमजींनी कार्ड खाली ठेवलं. बाहेर ढोल वाजत होता.

"शेठजींनी पण," मी म्हटलं.

"हूं," मुनीमजी म्हणाले.

आम्ही मागच्या दारानं निघालो आणि जिनिंगच्या विहिरीवर गेलो. त्यांनी माझ्या डोक्यावर बादली ओतली, मी त्यांच्या. पाणी असं गार की दात वाजले ते भुसावळच्या गाडीला शिटी वाटली असेल.

संध्याकाळी तंबूत जागा पुरेना. लोक खांबांना धरून उभे होते, अक्का पहिल्या बाकावर. मालक खुशीत आत आले, माझ्याकडे बघितलं आणि थबकले. माझे केस ओले होते.

"काय रे? कोण गेलं?"

"कोणी नाही. उकडत होतं."

"या थंडीत?"

मी खोक्यावर चढलो. खेळ झाला, राजा सिंहासनावर बसला, आणि मग आबांनी जोडलेली जागा आली: राजा बसलेला असतानाच एकदम ढिगारा, आणि त्यातून हात. मी तोंडात उत्तर तयार ठेवलं होतं. कोणी विचारलं की एवढा ढिगारा आला कुठून, तर सांगायला मी एक भलीमोठी थाप जुळवून आणली होती, राक्षस, हत्ती, सगळं होतं तिच्यात.

कोणी विचारलं नाही. राजकन्या गुडघ्यांवर रांगत बाहेर आली, सगळा तंबू उठून उभा राहिला, आणि मालक बाजूला उभे राहून माझ्या केसांकडेच बघत होते.